बालगंधर्व : मालकाचे पुनरागमन

नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या चरित्रांत १९३४ नंतरचा काळ बहुधा सहानुभूतीच्या चार ओळींत आटोपला जातो. वस्तुतः नाटक कंपनीचे मालक म्हणून त्यांची पारख याच काळात करावी लागते. १९१३ मध्ये टेंबे व बोडस यांच्यासह काढलेली गंधर्व नाटक मंडळी भागीदार बाहेर पडल्यावर त्यांच्या एकट्याची झाली. रंगमंचाच्या वैभवापायी ती १९२१ च्या सुमारास कर्जात रुतली. कर्ज फिटले, हिशेबाची शिस्त मात्र आली नाही.

बोलपटांच्या रेट्यात मंडळी बंद करून ते 'प्रभात'मध्ये गेले. 'धर्मात्मा'त (१९३५) त्यांनी एकनाथ उभा केला. प्रेक्षकांवाचून, तुकड्यातुकड्यांनी करावयाचा अभिनय त्यांना मानवला नाही, आणि करार त्या एका चित्रपटावरच थांबला. ते रंगभूमीवर परतले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती, आणि 'आंधळ्यांची शाळा'ने (१९३३) स्त्रीभूमिकांत स्त्रियाच दाखविल्या होत्या. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्यावर नायिका त्या करू लागल्या. या सहवासाने झालेल्या बदनामीलाच अपयशाचे कारण ठरविणे सोयीचे असले, तरी ते न्याय्य वाटत नाही. कर्ज आणि उतरते वय ही कारणे गोहरबाईंच्या आधीची आहेत. उलट पडत्या काळात त्यांनीच साथ दिली. १९५१ मध्ये उभयतांचा विवाह झाला. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, तोवर कंपनी उरली नव्हती.