आठ कलांचा हिशेब

गाणे शिकविणाऱ्याने आकाशातल्या ग्रहांकडे का वळावे, असे वाचक विचारतील. कारण इतकेच की, योहान्नेस केप्लर ग्रहांचे गाणे शोधीत होता. १५७१ साली जर्मनीत, ओढगस्तीच्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे ग्राझ येथे गणिताचा शिक्षक झाला. सहा ग्रहांच्या कक्षांमध्ये पाच नियमित घनाकृती नेमक्या बसतात, या कल्पनेने तो तेथे वेडावला. १५९६ साली त्याने तिच्यावर ग्रंथही लिहिला.

अशा वेडाचा धोका आम्हां गवयांना ठाऊक आहे. शिष्य आवडता असला की त्याचा उतरलेला गांधारही गुरूला लागलेलाच वाटतो. माझे वडील दरबारी गवई. पण स्वतः जुळविलेल्या तंबोऱ्याचा निवाडा ते दुसऱ्याच्या कानावर सोपवीत.

केप्लरला असा परका डोळा लाभला टायको ब्राहेचा. १६०० साली तो प्रागजवळ त्याच्याकडे गेला. पुढल्याच वर्षी टायको वारला. दुर्बिणीवाचून वर्षानुवर्षे घेतलेले मंगळाचे वेध केप्लरच्या हाती आले. वर्तुळाकार कक्षा धरून त्याने गणित मांडले. ते बव्हंशी जुळले, पण काही वेधांशी ताडून पाहता आठ कलांचा फरक उरला. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाची जेमतेम चौथाई! दुसरा कोणी वेधांना दोष देऊन मोकळा झाला असता. टायकोचा वेध इतका चुकणार नाही, हे जाणून केप्लरने आपले गणितच मोडले. अखेर लंबवर्तुळ हाती लागले. १६०९ च्या ग्रंथात त्याने आपल्या फसलेल्या वाटाही लिहून ठेवल्या.

तरी माणूस तो माणूसच. शनीच्या मंद आणि शीघ्र गतींत चारास पाच हे प्रमाण, म्हणजे षड्जापासूनचा शुद्ध गांधार, त्याने १६१९ च्या ग्रंथात मांडले. ग्रहांचा काळ व अंतर यांचा खरा नियमही त्याच ग्रंथात आहे. घनाकृतींचा मोह मात्र सुटला नाही; १६२१ साली त्याने तो जुना ग्रंथ पुन्हा छापला. १६३० साली तो रेगेन्सबुर्ग येथे वारला. १७८१ साली युरेनस सापडला आणि सहा ग्रहांचा हिशेबच मोडला.

मोह त्यालाही होता. मंगळापाशी त्याने परक्याचे माप मानले म्हणून तो तरला. घनाकृतींना तेच माप तितक्या कठोरपणे लावले नाही.