माळ्यावरचा एडिसन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रूममेटच्या घरी नवी पेठेत गेलो होतो. माळा आवरताना एक लाकडी पेटी खाली आली. आत गंजलेली स्प्रिंग मोटर, तुटलेला पट्टा, दगडासारखं कडक झालेलं रबर आणि पेटीवर पुसट इंग्रजी सही: थॉमस ए. एडिसन. फोनोग्राफ! सोबत पुठ्ठ्याच्या डब्यात बुरशीचे पांढरे डाग पडलेली मेणाची एक नळी. डब्यावर मोडीत काहीतरी लिहिलेलं.

घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. काकांना पेटीला पॉलिश मारून, पितळी कर्णा लावून ती दिवाणखान्यात ठेवायची होती. आम्ही दोघं मेकॅनिकलवाले. आम्हाला सगळे पार्ट नवे बसवून ती वाजवायची होती. आजोबा काहीच बोलेनात. शेवटी ठरलं की जिची सही आहे त्या माणसाचं चरित्र आधी वाचू, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलान या गावी. शाळेत तो जेमतेम काही महिने टिकला, पुढे आईनेच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. गाडीच्याच डब्यात त्याने प्रयोगशाळा थाटली आणि एकदा तिथे आगही लावली! १८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली येण्यापासून वाचवलं. त्या बापाने उपकार फेडले ते तारयंत्र शिकवून. पोराचं आयुष्यच बदललं.

लहानपणापासून त्याला ऐकू कमी यायचं. आवाज साठवणारं यंत्र अशा अर्धबहिऱ्या माणसाने बनवावं, ही मोठी गंमतच आहे. पुढे तो फोनोग्राफच्या लाकडात चक्क दात रोवायचा आणि कंपनं कवटीतून ऐकायचा. त्या दातांच्या खुणा लाकडावर राहिल्या. कल्पना करा, कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्यात लांबी भरून पॉलिश मारलं असतं तर?

१८७६ मध्ये त्याने न्यू जर्सीत मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली. पुढच्याच वर्षी तारेचे संदेश कागदावर खड्ड्यांच्या रूपात उमटवता उमटवता त्याला वाटलं, असाच आवाज का उमटवू नये? त्याचा कारागीर जॉन क्रूसी याने स्केचवरून यंत्र बनवलं: हँडलने फिरणारा पितळी दंडगोल, त्यावर कथलाचा पातळ पत्रा, पडदा आणि सुई. एडिसनने मेंढीच्या कोकराचं बालगीत म्हटलं आणि यंत्राने ते परत म्हणून दाखवलं. १९ फेब्रुवारी १८७८ ला पेटंट मिळालं. पण पत्रा दोन-चार वेळा वाजवला की खलास!

आणि एवढं करून साहेबांनी ते यंत्र जवळजवळ दहा वर्षं बाजूला टाकलं! डोक्यात विजेचा दिवा होता. १८७९ मध्ये तो पेटला, १८८२ मध्ये न्यूयॉर्कला वीजकेंद्र सुरू झालं. मधल्या काळात बेलच्या मंडळींनी पत्र्याऐवजी मेण वापरून फोनोग्राफ सुधारला, तेव्हा एडिसन खडबडून जागा झाला. १८८८ मध्ये रात्रंदिवस खपून त्याने मेणाच्या नळीवर चालणारं नवं यंत्र तयार केलं.

पण बाजी मारली बर्लिनरच्या तबकडीने. एका साच्यातून हजारो तबकड्या निघायच्या, शिवाय ठेवायलाही सोप्या. आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेही तबकडीवरच. एडिसन मात्र १९२९ पर्यंत नळ्या काढत राहिला. हट्टी माणूस! पण नळीत एक गोष्ट होती जी तबकडीच्या ग्रामोफोनमध्ये नव्हती. त्या यंत्रावर घरच्या घरी स्वतःचा आवाज भरता यायचा.

हे वाचलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. तो मोडीतला डबा आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. ते त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

आता प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता. यंत्र कारखान्यात हजारोंनी बनलं, त्याचा पट्टा किंवा स्प्रिंग बदलली तर जगाचं काही जात नाही. नळी मात्र जगात एकच. बुरशीने मेण खाल्लेलं, त्यावर सुई टेकवायची म्हणजे उरलेली खाचही खरवडून काढायची. आजोबांचं वय ऐंशीच्या वर. त्यांनी वाट बघायची तरी किती?

याचं उत्तर एडिसनच्याच पत्र्याने दिलं. १८७८ मधला चुरगळलेला एक पत्रा अमेरिकेत शेनेक्टडीच्या संग्रहालयात होता. २०१२ मध्ये बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी त्याला सुई न लावता प्रकाशाने खाचांची खोली मोजली आणि संगणकावर आवाज काढला. म्हणजे आज जे जमत नाही ते उद्या जमेल, फक्त वस्तू तोवर टिकली पाहिजे.

चरित्रातला शेवटचा प्रसंग सांगतो. १९२९ मध्ये हेन्री फोर्डने मेन्लो पार्कची प्रयोगशाळा डिअरबॉर्नला पुन्हा जशीच्या तशी उभी केली. म्हाताऱ्या एडिसनला सगळं पसंत पडलं. एकच खोट त्याने काढली, की आमची जमीन इतकी स्वच्छ कधीच नव्हती! दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला.

आम्ही ठरवलं ते असं. पेटीला पॉलिश नाही, सहीला हात नाही. मोटर उघडून गंज काढला, तेल दिलं, नवा पट्टा घातला, जुने पार्ट चिठ्ठ्या लावून पिशवीत ठेवले. नळी सुती कापडात गुंडाळून घरातल्या सर्वात थंड कपाटात ठेवली, कारण सोलापूरच्या मे महिन्यापुढे मेणाचं काय चालणार!

चावी दिली तेव्हा दंडगोल फिरला. नळी नव्हती, त्यामुळे नुसती घरघर. आजोबा कान लावून बराच वेळ ऐकत बसले. शेवटी काकांनी पितळी कर्ण्याचा विषय आपणहून सोडून दिला.