वसंत रामजी खानोलकर : गाठीचे नेमके नाव शोधणारे विकृतिशास्त्रज्ञ

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये एम.डी. झाल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट आणि सेठ जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले.

१९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. गाठीच्या तुकड्याचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि मगच रोगाला नाव द्यायचे, हा या कामाचा पाया. त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंधही अभ्यासला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते प्रमुख होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या उमेदीच्या काळात निदानाचा मुख्य आधार म्हणजे पेशींचा आकार आणि मांडणी. लसीका ग्रंथींच्या कर्करोगात, म्हणजे लिम्फोमात, तो अपुरा पडे. कारण बी आणि टी पेशी साध्या रंगात सारख्याच दिसतात. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. पुढे अशा प्रतिपिंडांनी काप रंगवून पेशींची ओळख पटू लागली : सीडी२० ही बी पेशींची खूण, तर सीडी३ टी पेशींची.

तरीही एका खुणेवर विसंबता येत नाही. सीडी५ ही मुळात टी पेशींची खूण. पण मँटल सेल लिम्फोमा या बी पेशींच्या कर्करोगातही ती सापडते. तिथे सायक्लिन डी१ पाहावे लागते. म्हणून खुणांचा संच निवडतात. त्याच कापातील निरोगी पेशींनी अपेक्षित रंग घेतला नाही, तर तपासणी ग्राह्य धरत नाहीत. तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये गेला नसेल, तर चांगले प्रतिपिंडही फसवते.

बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुकेही आहेत. तिथल्या रुग्णाची गाठ सीडी२० दाखवते की नाही, यावर रिटुक्सिमॅब हे औषध द्यायचे की नाही ते ठरते. आधी नेमके नाव, मग उपचार, ही खानोलकरांच्या प्रयोगशाळेची शिस्त आजही तितकीच लागते.