माणसांची चित्रे काढणारे रावबहादूर धुरंधर

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पैलवान पुष्कळ झाले, तसे चित्रकारही पुष्कळ झाले. म्हणून तर कोल्हापूरला कलापूर असेही म्हणतात. त्या चित्रकारांपैकी एका थोर चित्रकाराची माहिती मी या भित्तिपत्रकात देत आहे. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. माणसांची चित्रे काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी होता.

आमच्या वर्गात चित्रकलेचा तास असला की बहुतेक मुलं डोंगर, सूर्य, नदी आणि झोपडी काढतात. माणूस काढायचा म्हटला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माणूस काढणं लई अवघड, असं सगळ्यांना वाटतं. काही जण म्हणतात, ती देवाची देणगी असते, ज्याला येतं त्यालाच येतं. पण धुरंधरांचे चरित्र ऐकल्यावर मला वाटायला लागलं की हे काही खरं नाही. तेसुद्धा पहिल्यापासून पायरी पायरीने शिकले होते.

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. म्हणजे ते राजर्षी शाहू महाराजांपेक्षा सात वर्षांनी मोठे. त्यांचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये झाले. त्यांना लहानपणापासून चित्रांचा नाद होता. त्या वेळी कोल्हापुरात आबालाल रहिमान नावाचे फार मोठे चित्रकार होते. पुढे ते शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. रंकाळा, पंचगंगेचा घाट अशी सुंदर चित्रे त्यांनी काढली. चित्रकलेचे पहिले धडे धुरंधरांना या आबालाल मास्तरांकडून मिळाले. शिकवणारे मुसलमान आणि शिकणारे हिंदू, पण कलेत असला भेद नसतो.

मुंबईला चित्रकलेची एक मोठी शाळा आहे. तिचे नाव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. ती १८५७ साली सुरू झाली. आबालाल मास्तरही तिथेच शिकून आले होते. १८९० साली धुरंधर त्या शाळेत दाखल झाले. त्या वेळी कोल्हापूरला रेल्वेसुद्धा आलेली नव्हती. ती १८९१ साली आली. म्हणजे मुंबई तेव्हा आजच्यासारखी जवळ नव्हती, बरं का! घरदार सोडून एवढ्या लांब चित्रं शिकायला जायचं, याला धाडस पाहिजे. शिकून पोट भरेल की नाही याची खात्री कुणीच देत नव्हतं.

त्या शाळेचे प्रमुख ग्रिफिथ्स नावाचे इंग्रज साहेब होते. त्यांनीच आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करून घेतल्या होत्या. त्या शाळेत पहिल्याच दिवशी कोणी रंग हातात देत नसत. आधी रेघ. मग प्लॅस्टरच्या पुतळ्याचा हात, पाय, डोकं बघून काढायचं. पुतळा हलत नाही, म्हणून तो आधी. त्याच्यावर छाया कुठे पडते, उजेड कुठे पडतो हे बघायचं. ते जमलं की जिवंत माणूस समोर बसवून काढायचा. आपण कसं आधी बाराखडी, मग शब्द, मग धडा वाचतो, तसंच हे आहे.

आमच्या गुरुजींनी यातील पहिली पायरी वर्गात करून दाखवली. एका मुलाला भिंतीला टेकवून उभं केलं. डोक्याच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत सुतळीने मोजलं. मग तीच सुतळी खालपर्यंत लावत गेले. त्या मुलाची उंची सहा डोक्यांपेक्षा थोडी जास्त भरली. नंतर गुरुजी स्वतः उभे राहिले आणि आम्ही मोजलं. ते साडेसात डोकी भरले. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो. लहान बाळ चार डोक्यांचंच असतं. म्हणून मोठ्या माणसाचं नुसतं लहान चित्र काढलं तर ते मूल दिसत नाही, बुटका माणूस दिसतो.

आणखी काही गोष्टी गुरुजींनी सांगितल्या. डोळे कपाळाला लागून नसतात, ते डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. विश्वास बसत नसेल तर घरी जाऊन आरशात मोजून बघा. हात खाली सोडले तर बोटं मांडीच्या मध्यापर्यंत येतात. आपला पंजा हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत पुरतो. उभ्या माणसाचा तोल कळण्यासाठी गवंडी लावतो तसा ओळंबा मनात लावायचा. गळ्याच्या खळगीतून तो खाली सोडायचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. तसा पडला नाही तर चित्रातला माणूस पडायला आलाय असं वाटतं. कमरेवर घागर घेतलेली बाई नेहमी दुसऱ्या बाजूला कलते, तेही तोलासाठीच. नदीवर, हापशावर हे आपण रोज बघतो, पण नीट बघत नाही.

धुरंधर मात्र नीट बघत असत. रस्त्यात, बाजारात, घरात दिसेल त्या माणसाचे ते चटकन रेखाटन करत. अशी हजारो रेखाटने त्यांनी केली. कोणी चालताना, कोणी बसताना, कोणी ओझं उचलताना. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील माणसे खरी वाटतात. नऊवारी लुगडं नेसलेली बाई त्यांच्यासारखी फार थोड्यांना जमली. कारण ते लुगड्याच्या आतलं शरीर आधी ओळखत. गुडघा कुठे आहे हे कळलं तरच चुण्या कुठून निघणार ते कळतं.

१८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १८९६ साली ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. ज्या बाकावर बसून शिकले त्याच्यासमोर उभे राहून शिकवू लागले. पुढे ते मुख्याध्यापक झाले. १९३० साली त्यांनी काही काळ शाळेच्या संचालकाचे काम पाहिले. त्याआधी त्या खुर्चीवर इंग्रज साहेबच बसत असत. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. त्या राज्यात आपल्या कोल्हापूरचा माणूस त्या खुर्चीवर बसला, ही केवढी अभिमानाची गोष्ट! सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १९३१ साली ते निवृत्त झाले. १८९० ते १९३१ म्हणजे एकेचाळीस वर्षे ते एकाच शाळेत होते. म्हणून त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे असे नाव दिले. हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले.

त्यांनी पुस्तकांसाठीही चित्रे काढली. श्रावणात आजी आपल्याला वारांच्या कहाण्या सांगते ना, त्या किंकेड नावाच्या साहेबाने इंग्रजीत लिहिल्या. ते पुस्तक १९१४ साली निघाले. त्यातील चित्रे धुरंधरांची आहेत. १९२० साली भारतातील स्त्रियांवर एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. नवी दिल्लीच्या सचिवालयात लावण्यासाठीही त्यांनी मोठी चित्रे काढली.

आम्हां चौथीच्या मुलांना त्यांचे एक चित्र फार आवडेल. ते म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, हे आपण इतिहासात शिकतो. ते चित्र सातारा जिल्ह्यात औंध येथे श्रीभवानी संग्रहालयात आहे. एवढ्या दरबारात एवढी माणसं, आणि सगळी एकासारखी एक नाहीत. सहलीला पन्हाळ्याला जातो तसं एकदा औंधला जाऊ या, असं मी गुरुजींना सांगणार आहे. आमच्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. मला त्यांचं चित्र काढायचं आहे, पण आधी नुसता उभा माणूस नीट काढायला शिकेन, मग घोडा.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. धुरंधरांना अंबिका नावाची मुलगी होती. तिचा जन्म १९१२ सालचा. त्या काळी पुष्कळ मुलींना शाळेतसुद्धा घालत नव्हते. पण त्यांनी आपल्या मुलीला चित्रकला शिकवली आणि जे. जे. स्कूलमध्ये घातले. १९३१ साली, वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, ती तिथून पदविका घेऊन बाहेर पडली. अंबिकाबाई मोठ्या चित्रकार झाल्या. २००९ साली त्या वारल्या, तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. मुलीला रांगोळी आली की पुरे, चित्रं काढून काय करायचंय, असं अजून कोणी कोणी म्हणतात. त्यांना मी ही गोष्ट सांगते.

रावबहादूर धुरंधर १ जून १९४४ रोजी मुंबईत वारले. पण त्यांची चित्रे आजही जिवंत वाटतात.

मित्रांनो, या आठवड्यात प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचे चित्र काढू या. आई भाकरी थापताना, आबा तंबाखू मळताना, कोणीही चालेल. आधी डोकी मोजा, मग ओळंबा लावा, मग कपडे घाला. आणि पालकांनो, तुम्ही भित्तिपत्रक बघायला आला आहात, तर एक विनंती आहे. पोराने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलेलं दिसलं तर रागावू नका. पाच मिनिटं न हलता त्याच्यासमोर बसा. त्याला तेवढंच पाहिजे असतं.

थोर चित्रकार रावबहादूर धुरंधर यांना माझे शतशः प्रणाम.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
पेठ वडगाव, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर