समुद्राची ओढ लावणारी लेखिका

रेचेल कार्सन हे नाव निघाले की बहुतेकांना ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आणि डीडीटीविरुद्धचा लढा आठवतो. ते स्वाभाविकही आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने अमेरिकेतील जनमत ढवळून काढले आणि पर्यावरणाचा प्रश्न राजकारणाच्या ऐरणीवर आणला. परंतु या पुस्तकाच्या तेजात कार्सनबाईंचे त्यापूर्वीचे पंचवीस वर्षांचे कार्य झाकोळून गेले आहे. बाई मूळच्या समुद्राच्या लेखिका. कीटकनाशकांवर त्यांनी एक पुस्तक लिहिले, समुद्रावर तीन लिहिली. या तीन पुस्तकांनी वाचकांचा विश्वास संपादन केला नसता, तर चौथ्या पुस्तकातील इशारा इतक्या लोकांनी इतक्या गांभीर्याने ऐकला असता की काय, याची शंकाच आहे. समुद्राच्या दुरवस्थेविषयी आज अहवालांची वाण नाही. त्यांचा परिणाम मात्र बेताचाच होतो. अशा वेळी या चरित्राकडे नव्याने पाहणे उपयुक्त ठरेल.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. गाव ॲलेगनी नदीच्या काठी, पिट्सबर्गच्या कारखान्यांपासून जवळ आणि समुद्रापासून फार दूर. घरची परिस्थिती बेताची होती. आई मारिया या पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. रानावनात हिंडण्याची आणि पाखरे ओळखण्याची गोडी त्यांनीच मुलीला लावली. अकरा वर्षांची असताना या मुलीची पहिली गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. लेखिका व्हावयाचे या निश्चयानेच ती महाविद्यालयात गेली. पण तेथे मेरी स्कॉट स्किंकर या प्राध्यापिकेने जीवशास्त्र असे काही शिकविले, की तिने इंग्रजी साहित्याचा विषय सोडून विज्ञान घेतले. साहित्य आणि विज्ञान यांपैकी एकाचाच स्वीकार करावा लागतो, असे तेव्हा तिलाही वाटत होते. १९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती दाखल झाली आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने प्रथम समुद्र पाहिला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील उच्च पदवी तिने मिळविली.

तो मंदीचा काळ होता. १९३५ मध्ये वडील वारले, डॉक्टरेटचा विचार सोडून द्यावा लागला आणि घरची जबाबदारी अंगावर आली. सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात तेव्हा समुद्रजीवनावर नभोवाणीची मालिका चालू होती. बावन्न छोट्या कार्यक्रमांची ही मालिका लोकांना ऐकावीशी वाटेल अशा भाषेत लिहिणारे कोणी खात्याला मिळेना. एल्मर हिगिन्स या अधिकाऱ्याने ते काम कार्सन यांना दिले. पुढल्याच वर्षी परीक्षा देऊन त्या खात्यात कायम झाल्या. खात्याच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचून हिगिन्स यांनी ती बाजूला ठेवली. ती सरकारी पुस्तिकेत घालण्याच्या योग्यतेची नाही, एखाद्या चांगल्या मासिकाकडे पाठवावी, असा सल्ला त्यांनी दिला. १९३७ साली ‘अटलांटिक मंथली’ने तो लेख छापला. साहेबाने कनिष्ठाचे लेखन नापसंत करावे आणि त्यातून साहित्याचे कल्याण व्हावे, असा प्रसंग सरकारी कचेऱ्यांच्या इतिहासात विरळाच.

त्या लेखातून ‘अंडर द सी-विंड’ हे पहिले पुस्तक तयार झाले. किनाऱ्यावरील पक्षी, बांगड्याच्या कुळातील एक मासा आणि तळ्यातून निघून अंडी घालण्यासाठी दूरच्या सारगासो समुद्राकडे जाणारी वाम, हे त्यातील नायक. माणूस त्यात येतो तो बहुधा जाळे घेऊनच. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन अशा कष्टाने लिहिलेले हे पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये बाहेर पडले. महिन्याभरातच पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि पुस्तक विस्मृतीत गेले. त्याच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

युद्धकाळातील त्यांच्या एका कामाचा उल्लेख चरित्रकार ओझरता करतात. आमच्या मते ते फार महत्त्वाचे आहे. मांसाचा तुटवडा पडला तेव्हा लोकांनी मासे अधिक खावेत, असे सरकारला वाटत होते. त्यासाठी कार्सन यांनी गृहिणींकरिता पुस्तिका लिहिल्या. कोणते मासे कोणत्या हंगामात मिळतात, त्यांत पोषण किती, ते शिजवावे कसे, एवढे सांगूनच त्या थांबल्या नाहीत. जे मासे जाळ्यात येतात पण बाजारात कोणी विचारीत नाही, त्यांची ओळख त्यांनी करून दिली. चार-दोन लोकप्रिय जातींवरच सगळ्यांची भिस्त राहिली तर त्या जाती संपतील. ताटात वैविध्य आले तर समुद्रावरचा भार हलका होईल, हा त्यामागील विचार. आणि जो मासा आपण खातो तो राहतो कसा, फिरतो कसा, हे कळले तर खाण्याचा आनंदही वाढतो, अशी त्यांची धारणा होती. समुद्राच्या रक्षणाचा मार्ग स्वयंपाकघरातून जातो, हे या बाईंनी १९४३ सालीच ओळखले होते.

युद्धाने पाणबुड्यांच्या निमित्ताने समुद्रविज्ञानाला चालना दिली. हे नवे ज्ञान कचेरीत बसलेल्या कार्सन यांच्या टेबलावरून जात होते. १९४९ मध्ये त्यांनी ‘अल्बट्रॉस थ्री’ या संशोधननौकेवरून जॉर्जेस बँकच्या मत्स्यक्षेत्राची सफर केली. जहाजावर एकटी स्त्री नको, म्हणून दुसरी एक स्त्री बरोबर न्यावी लागली. १९५१ साली ‘द सी अराउंड अस’ प्रसिद्ध झाले. समुद्राची उत्पत्ती, भरती-ओहोटी, प्रवाह, तळावर युगानुयुगे साचत जाणारा गाळ हे या पुस्तकाचे विषय. रुक्ष वाटावेत असेच. पण लोकांनी ते कादंबरीसारखे वाचले. ८६ आठवडे ते सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत राहिले आणि १९५२ चे ‘नॅशनल बुक ॲवॉर्ड’ त्याला मिळाले. संगीतकार देब्यूसी याच्या ‘ला मेर’ या समुद्रविषयक रचनेच्या ध्वनिमुद्रिकेसाठी परिचय लिहावयाचा होता, तेव्हा रेकॉर्ड कंपनी याच शास्त्रज्ञ बाईंकडे गेली. साहित्य आणि विज्ञान यांतील जे द्वैत कॉलेजात असताना त्यांना छळत होते ते अशा रीतीने मिटले.

नोकरी सोडून त्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात राहू लागल्या. खडकांतल्या डबक्यांवर तासन् तास वाकून त्यांनी पाहिलेले जीवन १९५५ च्या ‘द एज ऑफ द सी’मध्ये उतरले. बहीण पूर्वीच वारली होती. १९५७ मध्ये भाचीही गेली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा बाईंनी दत्तक घेतला. या मुलाला घेऊन त्या रात्रीच्या किनाऱ्यावर हिंडत. मुलाला नावे पाठ करावयास लावण्यापूर्वी त्याला नवल वाटू द्यावे, हे त्यांचे शिक्षणशास्त्र होते.

समुद्र एवढा अफाट आहे की माणूस त्याचे काही बिघडवू शकणार नाही, असे त्यांनाही दीर्घकाळ वाटत होते. अणुयुगाने ही श्रद्धा मोडली. १९६१ च्या नव्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत किरणोत्सर्गी कचरा समुद्रात टाकण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी स्पष्ट इशारा दिला. ‘सायलेंट स्प्रिंग’ हे याच विचाराचे पुढचे पाऊल होय. कॅनडातील मिरामिची नदीच्या खोऱ्यात १९५४ मध्ये जंगलातील किडीवर डीडीटी फवारले गेले आणि समुद्रातून नदीत येणाऱ्या सामन माशांची पिल्ले मेली, ही हकीकत त्या पुस्तकात सविस्तर आली आहे. जमिनीवर टाकलेले विष पाण्यात जाते, हे समुद्राचा अभ्यास केलेल्या व्यक्तीला कोणी सांगावे लागत नाही.

पुस्तक लिहीत असतानाच त्यांना स्तनाचा कर्करोग जडला. रसायन उद्योगाने टीकेचा भडिमार केला. त्यांच्या ज्ञानावर आणि अविवाहित असण्यावरही शिंतोडे उडविण्यात आले. आजारपण गुप्त ठेवून त्या शांतपणे पुरावे मांडीत राहिल्या. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागार समितीचा अहवाल बाहेर पडला आणि मुख्य मुद्द्यांवर बाईंचे म्हणणे खरे ठरले. १४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. मलेरियाने मेलेल्यांचा दोष कार्सन यांच्या माथी मारणारे टीकाकार अद्याप आहेत. परंतु रोगनिवारणासाठी कीटकनाशक कधीच वापरू नये, असे त्यांनी म्हटलेले नव्हते. बेसुमार वापराने डासच विषाला दाद देईनासे होतात, हेच त्या सांगत होत्या.

या चरित्रापासून कोकणकिनारा लाभलेल्या महाराष्ट्राने काय घ्यावे? आपल्याकडे नियमांची उणीव नाही. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ पासून आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. प्लास्टिकबंदीचा हुकूम २०१८ मध्ये निघाला, पापलेटला राज्यमाशाचा मान २०२३ मध्ये मिळाला. तरीही भरतीच्या लाटा मुंबईच्या चौपाट्यांवर आपलाच कचरा परत आणून टाकतात आणि वाढ न झालेली पापलेटे बाजारात राजरोस विकली जातात. कारण ती घेणारे आपणच असतो. पापलेट, सुरमई, रावस यांपलीकडे शहरी गिऱ्हाइकाची नजर जात नाही. मांदेली, ढोमा, लेप यांची चव कोळणीला ठाऊक असते. तिला विचारण्याची तसदी आपण घेत नाही.

नियम मोडणाऱ्यास शासन करावे, हे खरेच. पण पोलीस प्रत्येक टोपलीपाशी उभा करता येत नाही. जेथे तो पोहोचत नाही तेथे माणसाची आपुलकीच कामी येते, आणि ती हुकमाने निर्माण होत नाही. ती लेखक, चित्रकार, शिक्षक आणि आईबाप निर्माण करतात. शाळेच्या सहली समुद्रावर जातात, भेळ खाऊन परततात. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या एखाद्या डबक्यापाशी मुलांना तासभर बसविले, तर अधिक काही साध्य होईल. कार्सनबाईंनी आधी लोकांना समुद्राची ओढ लावली आणि मग धोक्याची घंटा वाजविली. आपण मात्र घंटाच तेवढी वाजवीत आहोत, आणि ती कोणी ऐकत नाही म्हणून खंत करीत आहोत.