अनंत कान्हेरे आणि ब्राउनिंग

अनंत लक्ष्मण कान्हेरे जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातले. शिक्षणासाठी निजामी मुलखातील औरंगाबादेस राहिले. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. त्यांना खटल्यास उभे करणारे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर क्रांतिकारकांचा रोष वळला.

हत्यार होते ब्राउनिंग. अशी वीस पिस्तुले विनायकराव सावरकरांनी लंडनहून धाडली आणि चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली. ब्राउनिंग कोटाच्या खिशात मावे आणि लागोपाठ गोळ्या झाडी. गर्दीच्या जागी याहून सोयीचे काय? पण आखूड नळीचा नेम लांबून चुकतो, आणि आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळी अडकण्याचेही भय असते. कान्हेऱ्यांनी आधी नेमबाजीचा सराव केला. शिवाय त्यांचा वार फसला तर पुढे होण्यास कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे सज्ज होते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ पाहण्यास आलेले जॅक्सन कान्हेऱ्यांच्या गोळ्यांनी कोसळले. संस्कृत विद्येचा एक जाणकारही त्यांच्यासोबत गेला. ब्राउनिंग कसोटीस उतरले. ते चालविणाऱ्यास मात्र परतीची वाट नव्हती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघेही फाशी गेले. कान्हेऱ्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते.