वाटपाला सूत्र देणारे धनंजयराव

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. या परिसरातील शेतकऱ्याला लागणारा पाटबंधारा, दवाखाना, गावरस्ता ही घटनेने राज्याच्या अंगावर टाकलेली कामे. वाढत्या उत्पन्नाचे मोठे कर मात्र केंद्राच्या हाती. ही दरी भरण्यासाठी दिल्लीतून मिळणारे योजना साहाय्य मर्जीवर नव्हे, तर ठरलेल्या निकषांवर वाटले जावे, ही व्यवस्था धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखली जाते.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला जन्मलेल्या धनंजयरावांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले. केंब्रिजला त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. १९६६ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. पुस्तकी सिद्धांतापेक्षा बांधावरची माहिती त्यांना अधिक मोलाची वाटे. कापूरहोळवरून पुढे जाणारा रस्ता ज्या वाईकडे वळतो, त्या तालुक्यातील शेतीव्यवसायाची संस्थेने केलेली पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद या अर्थशास्त्रज्ञाकडेच आले.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर योजना साहाय्याचे वाटप बव्हंशी योजनावार होत असे. अमुक योजनेला अमुक टक्के, तेही राज्याने आपला हिस्सा घातला तर. तिजोरी रिकामी असलेल्या राज्याला तो हिस्साच परवडत नसे, म्हणजे ज्याला गरज अधिक तोच वंचित. शिवाय दिल्लीत वजन असलेल्या मुख्यमंत्र्यांचे फावते, अशी कुरबुर होतीच.

चौथ्या योजनेसाठी (१९६९-७४) राष्ट्रीय विकास परिषदेने गाडगीळ सूत्र स्वीकारले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजांची रक्कम आधी बाजूला काढायची. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायची, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के द्यायचे. दरडोई उत्पन्नाचा वाटा फक्त राष्ट्रीय सरासरीखालच्या राज्यांना होता. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्रासाठी झटलेल्या धनंजयरावांच्या सूत्रातून महाराष्ट्राला त्या निकषावर काहीच मिळाले नाही. ही बाब त्यांच्या निःपक्षपातीपणाची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

अधिक महत्त्वाचा बदल असा, की रक्कम एकगठ्ठा मिळू लागली. ती कोठे खर्चायची हे राज्याने ठरवायचे. सूत्रात उणीवही होती. साहाय्यात अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७० टक्के. हे प्रमाण बिहारलाही तेच आणि महाराष्ट्रालाही तेच. कर्जाचा बोजा वर्षानुवर्षे साचत गेला. दुसरीकडे केंद्रपुरस्कृत योजनांना आवर घालण्याचे ठरूनही त्या फोफावत राहिल्या, आणि सूत्राबाहेरून पैसा देण्याची वाट दिल्लीला मोकळीच राहिली.

१९७१ मध्ये आयोगातून बाहेर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ मे रोजी, धनंजयरावांचे निधन झाले. सूत्रात १९८० मध्ये बदल झाले. १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी यांचे नाव त्याला जोडले गेले. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २००५ पासून त्यातला केंद्रीय कर्जाचा भाग बंद झाला. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. त्याच वर्षी चौदाव्या वित्त आयोगानुसार केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि गाडगीळ सूत्राने मिळणारे साहाय्य थांबले. केंद्राचे उपकर व अधिभार मात्र या वाटपाच्या बाहेरच राहिले.